मांजरीचे बाळंतपण

आमच्या घरात बाळंतपणे पुष्कळ झाली, परंतु ज्याची टिपणे कुणी वहीत उतरवून ठेवली असे हे पहिलेच, आणि तेही मांजरीचे. वाचक हसतील, वर्गात मैत्रिणीही हसल्या होत्या. पण आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. घरच्यांना वाटते, ही शिकते आहे तर हिला सारे ठाऊक असणार. या बाळंतपणात मला किती ठाऊक नव्हते ते कळले. म्हणून हा लेख.

आम्ही सिन्नरला राहतो. आई घरी विड्या वळते. पुढच्या खोलीत तिचे सूप, तंबाखू आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पाने. डिसेंबर २०२३ मधल्या एका पहाटे पानांच्या रिकाम्या टोपलीत मनी व्याली. पिल्ले चार. मांजरीचे दिवस साधारण नऊ आठवड्यांचे, म्हणजे त्रेसष्ट-पासष्ट दिवस. पण बोक्याचा हिशेब कुणी ठेवला होता? पोट जड दिसत होते एवढेच.

टोपली तिथून हलवा, असे आईनेच सांगितले. "तंबाखूचा खकाणा उडतो, ती अंग चाटती, पिल्लास्नी चाटती." नंतर वाचनात आले की तंबाखूतले निकोटिन मांजराला खरोखरच विषारी असते. मग आतल्या खोलीत पुठ्ठ्याचे खोके ठेवले. एका बाजूचा पुठ्ठा अर्धा कापला, म्हणजे आईला ये-जा करता येते आणि पिल्ले बाहेर घरंगळत नाहीत. आत जुन्या लुगड्याच्या घड्या घातल्या. गोणपाट किंवा दोरे सुटलेले कापड घालू नये, त्यात पिल्लांची नखे अडकतात.

इथवर सर्व ठीक झाले. पुढची चूक माझी. गल्लीतली सारी पोरे पिल्ले पाहायला आली आणि मी कौतुकाने एकेक पिल्लू उचलून दाखवले. मांजर पिल्लांना सात घरे हिंडवते असे आजी म्हणते. आपण त्याला खोड समजतो. पण जागा सुरक्षित वाटेनाशी झाली की मांजर पिल्ले हलवते, कारण परका बोका कधीकधी पिल्ले मारतोसुद्धा. तिसऱ्या रात्री मनीने पिल्ले अंथरुणांच्या ढिगामागे नेली. तीन पोचली. चौथे सकाळी मला उघड्या शहाबादी फरशीवर सापडले, दगडासारखे गार.

आमच्या शेजारच्या निफाड तालुक्याच्या थंडीची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते. सिन्नरलाही ती काही कमी नसते. नवजात पिल्लाला अंगची ऊब राखता येत नाही, थंडीने कुडकुडताही येत नाही. पहिल्या आठवड्यात भोवताली तीस अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि ती आईच्या पोटाची व भावंडांच्या अंगाची असते. हे मला ठाऊक नव्हते. मी गाईचे दूध कोमट केले, पिल्लाला तान्ह्या बाळासारखे उताणे धरले आणि कापसाच्या वातीने दूध तोंडात पिळले. थोडे नाकातून बाहेर आले. दुपारपर्यंत ते गेले.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी सारे सांगितले. ते रागावले नाहीत, पण एकेक चूक मोजून दाखवली. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, दूध नंतर; अंग गार असताना पोट पचनाचे काम करीत नाही. ऊबही हळूहळू, आपल्या छातीशी धरून किंवा कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीने. पिल्लाला उताणे कधीच धरायचे नाही. ते पालथेच, डोके किंचित वर, जसे आईला लुचते तसे. उताणे पाजले की दूध फुप्फुसात जाते. आणि गाईचे दूध हे वासराचे अन्न. त्यात मांजरीच्या दुधापेक्षा प्रथिने बरीच कमी असतात, शिवाय पिल्लांना त्याने हगवण लागते. आई नसलेल्या पिल्लांसाठी मांजरीच्या दुधाऐवजी द्यायची वेगळी पावडर मिळते. पण आई जिवंत असेल तर ऊब देऊन पिल्लू तिच्यापाशी ठेवणे हाच पहिला उपाय. पहिल्या दिवसाचा चीक तर पोटात गेलाच पाहिजे. रोगाशी लढण्याची शक्ती त्यातून येते, आणि ती घेण्याची पिल्लाच्या आतड्याची ताकद साधारण एका दिवसातच संपते.

उरली तीन. त्यांतली सर्वांत लहान चिमी. शेजारच्या काकू केक करतात, त्यांचा वजनकाटा रोज मागून आणू लागले. जन्मताच पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास भरते, रोज दहा-एक ग्रॅम वाढते आणि दोन आठवड्यांत दुप्पट होते, असे डॉक्टर म्हणाले होते. चिमी पहिल्या दिवशी ९२ भरली, दुसऱ्या दिवशी ९२, तिसऱ्या दिवशी ९०. हा आकडा वाचून मला रडू आले. मोठी दोघे तिला आचळावरून ढकलून देत होती. मग दिवसातून चार वेळा त्या दोघांना उबदार कापडात बाजूला ठेवून चिमीला एकटीला लावायची, असे सुरू केले. चौथ्या दिवशी ९५.

तत्त्वज्ञानाच्या तासाला आम्हाला मर्कटन्याय आणि मार्जारन्याय शिकवले. रामानुजांच्या संप्रदायात पुढे दोन पंथ झाले. माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरते तसे भक्ताने देवाला धरावे, हा वडकलैंचा विचार; मांजरीचे पिल्लू स्वतः काहीच करीत नाही, आईच त्याला मानेला धरून नेते, हा तेन्कलैंचा. मान धरली की पिल्लू खरेच सैल पडते. परंतु चिमीला पाहून माझी शंका अशी, की ते काहीच करीत नाही हे पूर्ण खरे नाही. डोळे मिटलेले, कान बंद, तरी वासावर सरपटत ते आचळ शोधते. आणि फरशीवर राहिलेल्या चौथ्याचे काय, हे मी तासाला विचारले नाही.

बाळंतिणीकडे आईने लक्ष दिले. दूधभाकरीवर अंगावर पाजणाऱ्या मांजरीचे भागत नाही. मांजर हा मांसाहारी प्राणी, त्यातून खाणे नेहमीच्या दुपटीहून जास्त लागते. आई कोंबडीची काळजी, उकडलेले अंडे, बाजारच्या दिवशी ताजा मासा थोडा थोडा चारपाच वेळा देई, पाणी जवळच ठेवी. (पाजणारी मांजर थरथरू लागली, ताठ चालू लागली तर चुना कमी पडला असे समजून ताबडतोब डॉक्टर गाठावा, घरी उपचार करू नयेत.) एकदा मनी खोक्यात पाय पसरून पाजत होती. तिच्याकडे बघत आई म्हणाली, "नशीबवान हाय बया. मला तिसऱ्या दिवशी सुपाम्होरं बसाया लागलं व्हतं." ते बाळंतपण माझे होते. हे तिने यापूर्वी कधी सांगितले नव्हते.

आठव्या दिवसापासून डोळे उघडू लागले. ते बोटाने उघडू नयेत. चिपड आले तर उकळून कोमट केलेल्या पाण्याने पुसावे. तीन आठवडे खोके स्वच्छ राहते याचे नवल वाटे. पिल्लांना आपण होऊन लघवी-शौच करता येत नाही. आई चाटते तेव्हाच होते आणि तीच साफ करते. चौथ्या आठवड्यात पिल्ले मनीच्या ताटलीत तोंड घालू लागली.

वडील पहिल्यापासून म्हणत होते, पिशवीत घालून बाजारात सोडून येतो. मी वजनाची वही त्यांच्यापुढे ठेवली आणि आठ आठवडे तरी आईपासून तोडू नये असे सांगितले. ते अक्षर ओळखत नाहीत, आकडे ओळखतात. बराच वेळ पाने उलटत राहिले. मग विचारले, "ही बारकी कितीवर आलीय?"

फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन पिल्ले ओळखीच्या घरी गेली. मनी पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते असे कळल्याने तिला तोवर दाराबाहेर सोडले नव्हते. अंगावरचे दूध आटल्यावर तिचे ऑपरेशन करून आणले. चिमी घरीच आहे. आई विड्या वळायला बसली की ती सुपाजवळ येते, आणि आई दर वेळी तिला कोपराने मागे सारते.