होडीच्या यंत्राचें गळकें बूच

कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्यांनीं होडीच्या मागील कडेस टांगलेलें यंत्र पुष्कळ वेळां पाहिलें असेल. त्यास आउटबोर्ड मोटर असें म्हणतात. नॉर्वेंत जन्मलेल्या व अमेरिकेंत वाढलेल्या ओले एव्हिनरूड नांवाच्या कारागिरानें मिलवॉकी शहरीं १९०९ सालच्या सुमारास अशीं यंत्रें विक्रीसाठीं तयार करण्यास आरंभ केला, आणि आज तीं जगाच्या सर्व किनाऱ्यांवर आढळतात. यंत्राचा वरचा भाग आवाज करितो म्हणून सर्वांचें लक्ष तिकडे जातें. परंतु होडी पुढें ढकलणारा भाग पाण्याखालीं असतो, व त्याची आठवण बहुधा तो बिघडल्यावरच होते. या खालच्या भागास लावलेल्या एका लहानशा बुचाचा आज विचार करूं.

वरच्या भागांत उत्पन्न झालेली गति एका उभ्या दांड्यानें खालीं येते. तेथें ॲल्युमिनियमच्या बंद पेटींत दांतेरी चाकें असतात. तीं उभ्या दांड्याची गति आडव्या दांड्यास देतात व पंखा फिरतो. हीं चाकें तेलांत बुडालेलीं असतात. पेटीस दोन भोकें असतात. तळाचें तेल काढण्यासाठीं व वरचें हवेसाठीं. दोहोंस आट्यांचीं बुचें असून प्रत्येक बुचाच्या डोक्याखालीं फायबरचा अथवा नायलॉनचा एक पातळ वॉशर असतो. पाणी अडविण्याचें काम आटे करीत नाहींत, तें हा वॉशर करितो. आटे केवळ त्यास दाबून धरतात. एवढें नीट समजलें म्हणजे पुढील सर्व दुरुस्ती सोपी होते.

येथें कोणी विचारील, पेटी तेलानें भरलेली असतां पाणी आंत शिरतें कसें? याचें उत्तर शाळेंतील पदार्थविज्ञानांतच आहे. यंत्र चालूं लागलें म्हणजे पेटींतील तेल व थोडी राहिलेली हवा तापून प्रसरण पावतात. आंतील दाब वाढतो, आणि वॉशर खराब असल्यास थोडें तेल बाहेर झिरपतें. यंत्र बंद केल्यावर पेटी थंड पाण्यांत निवते, आंतील पदार्थ आकुंचन पावतात, दाब कमी होतो व बाहेरचें पाणी त्याच वाटेनें आंत ओढलें जातें. हा क्रम रोज चालतो. एका दिवसाचे थेंब कांहींच वाटत नाहींत; कांहीं आठवड्यांनीं मात्र तेलाचें रूप पालटतें. पाणी मिसळलेल्या तेलाचा थर दांत्यांवर टिकत नाहीं, बेअरिंगांस गंज चढतो, व अखेर दांते झिजून तुटतात. मग यंत्र वर गर्जत राहतें आणि पंखा फिरत नाहीं. किनारा दूर असतां व वारा समुद्राकडे वाहत असतां असें झाल्यास होडींतील माणसांची अवस्था काय होईल, हें दर्यावर जाणाऱ्यांच्या मुलांस सांगावयास नको.

म्हणून प्रथम परीक्षा. यंत्र रात्रभर उभें ठेवावें. पाणी तेलाहून जड असल्यामुळें तें तळाशीं बसतें. सकाळीं खालीं घमेलें ठेवून तळाचें बूच किंचित सैल करावें. प्रथम पाणी आलें, किंवा तेल दुधाच्या चहासारखें दिसलें, तर पेटींत पाणी शिरलें असें निश्चित समजावें. कांहीं बुचांस लोहचुंबक बसविलेला असतो. त्यावरील मऊ राखाडी लगदा नित्याच्या झिजेचा आहे. परंतु नखानें उचलतां येतील असे धातूचे कण सांपडल्यास यंत्र मिस्त्रीस दाखवावें. आणखी एक सावधगिरी: कांहीं जुन्या यंत्रांत बुचाजवळच दुसरा एक स्क्रू असतो. तो गिअर बदलणाऱ्या जोडणीचा आधार होय. तो चुकून काढल्यास ती जोडणी आंत निसटते व सगळी पेटी उघडावी लागते. यासाठीं यंत्राचें माहितीपुस्तक आधीं पाहावें.

आतां दुरुस्ती. खांचेंत बरोबर बसणारा रुंद पेचकस घ्यावा. लहान पेचकसानें बुचाचें डोकें बिघडतें. दोन्ही बुचें काढून सर्व तेल गाळून घ्यावें. जुना वॉशर पुष्कळदां पेटीलाच चिकटून राहतो. तो न पाहतां नवा बसविल्यास एकावर एक दोन वॉशर होतात, आणि नवा असूनहि गळती चालूच राहते. बैठक स्वच्छ चिंधीनें पुसावी, तीवर ओरखडा पाडूं नये. दोन्ही बुचांस नवे वॉशर घालावे. एकदां दाबला गेलेला वॉशर पुन्हां तसा बसत नाहीं. आट्यांस थोडें ग्रीस लावावें, म्हणजे खाऱ्या पाण्यानें बूच ॲल्युमिनियमला धरून बसणार नाहीं.

तेल नेहमीं खालून भरावें. वरून ओतल्यास हवा आंत कोंडते. खालून भरल्यास तेल तिला वर ढकलीत जातें. वरच्या भोकांतून बुडबुड्यांवांचून तेल येऊं लागलें म्हणजे प्रथम वरचें बूच बसवावें, मगच खालची नळी काढून तळाचें बूच त्वरित लावावें. प्रयोगशाळेंत पिपेटच्या वरच्या तोंडावर बोट ठेवलें म्हणजे आंतील द्रव खालीं पडत नाहीं. येथेंहि तेंच तत्त्व आहे.

बूच प्रथम बोटांनीं फिरवावें, म्हणजे आटे तिरपे धरणार नाहींत. मग माहितीपुस्तकांत सांगितलें असेल तितकेंच आवळावें. गळती दिसली कीं अधिक जोर लावावा, ही समजूत फार हानिकारक आहे. जोरानें वॉशर चिरडतो, ॲल्युमिनियमचे मऊ आटे झडतात, आणि थोड्या पैशांत होणारें काम कारखान्यांत जातें.

इतकें करूनहि तेल पुन्हां पांढुरकें झालें, तर दोष अन्यत्र शोधावा. मिस्त्री रिकाम्या पेटींत चौरस इंचास सुमारें १० पौंड इतका हवेचा दाब भरतो व सांध्यांवर साबणाचें पाणी लावतो. सायकलची ट्यूब तपासतांना दिसतात तसे बुडबुडे जेथें दिसतील तेथें गळती. पुष्कळदां ती पंख्याच्या दांड्यावरील रबरी सीलपाशीं असते. पंख्यामागें गुंडाळलेली गळाची नायलॉनची दोरी त्या सीलला कापते. म्हणून पंखा मधून मधून काढून पाहावा.

काढलेलें तेल खाडींत ओतूं नये. तें डब्यांत भरून जुनें तेल घेणाऱ्याकडे द्यावें. ज्या पाण्यावर आपला संसार चालतो तें आपणच नासवूं नये.

ज्यांच्या घरीं असें यंत्र आहे अशा विद्यार्थ्यांनीं पुढच्या वेळीं तेल बदलतांना वडिलांजवळ बसून त्या तेलाचा रंग अवश्य पाहावा, आणि जुना वॉशर हातांत घेऊन नव्याशीं ताडून पाहावा. दोहोंतील फरक केसाएवढाच दिसेल. परंतु तेवढ्याच वाटेनें समुद्र पेटींत शिरतो.