क्लचचे वंगण : कोठे द्यावे, कोठे थांबावे

आमच्या वसतिगृहाच्या जुन्या व्हॅनचे क्लच पेडल एका पावसाळ्यात दिवसेंदिवस जड होत गेले. पेडल जड झाले म्हणजे वंगण संपले, असा सोपा निष्कर्ष आम्ही काढला आणि गिअरबॉक्सच्या आवरणातून क्लचचा फोर्क जेथे बाहेर येतो, त्या फटीतून इंजिन ऑइल ओतले. पेडल तसूभरही हलके झाले नाही. चौथ्या दिवशी चढावर, गाडीत मुले बसलेली असताना, इंजिनचा आवाज वाढत गेला. गाडी मात्र पुढे सरकेना. जळका वास सुटला. ब्रेकवर गाडी थोपवून, चाकांमागे दगड लावून आम्ही मुलांना खाली उतरवले. कोणाला इजा झाली नाही. परंतु चूक सर्वस्वी आमची होती. तिच्यातून जे शिकलो, ते या पाठात मांडत आहोत.

प्रथम यंत्रणा समजून घेऊ. इंजिनचे फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. प्रेशर प्लेटची स्प्रिंग तिला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते आणि केवळ घर्षणाच्या बळावर इंजिनची शक्ती चाकांकडे जाते. पेडल दाबले की केबल ओढली जाते, केबल फोर्कला हलवते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो आणि बेअरिंगने स्प्रिंगच्या जिभा दाबताच प्लेटवरील पकड सुटते. म्हणजे एकाच आवरणात फोर्क व बेअरिंग यांना सुलभ हालचाल हवी असते, तर प्लेटला घर्षण हवे असते. पहिल्यासाठी दिलेले तेल दुसरीवर पोहोचले की क्लच घसरतो. आमच्या गाडीत हेच घडले. मूळ दोष तर वेगळाच निघाला : केबलच्या काही तारा तुटून तिच्या वेष्टनात अडकत होत्या.

म्हणून हात लावण्यापूर्वी निदान करावे. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना अडणी लावावी आणि इंजिन थंड होऊ द्यावे. पेडलशेजारी मोजपट्टी धरून ते बोटाने हलकेच दाबावे. खरा विरोध जाणवेपर्यंत पेडल जितके सरकते, ती त्याची मोकळी चाल. केबलच्या अनेक गाड्यांत ती साधारण १५ ते २५ मिलिमीटर असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. चाल फार कमी असेल तर बेअरिंग सतत टेकून झिजते व क्लच घसरू लागतो. फार जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना, विशेषतः रिव्हर्स टाकताना, खरखर होते. पेडल दाबताच आवाज सुरू होत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा.

घरी करण्याजोगे काम मर्यादित आहे. केबलची टोके व वळणे पाहावीत. तार तुटलेली दिसल्यास केबल बदलावी आणि नवी केबल जुन्याच मार्गाने, तीव्र बाक न देता न्यावी. आत नायलॉनचे अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल ओतू नये. पेडलची खीळ, केबलचा आकडा आणि फोर्कचे बाहेरील टोक येथील जुने, धूळ बसलेले ग्रीस पुसून नव्याचा पातळ थर द्यावा. चाल बदलायची असल्यास लॉकनट सैल करून समायोजनाचा नट थोडाथोडा फिरवावा, लॉकनट पुन्हा आवळावा, पेडल पाच-सहा वेळा दाबावे आणि चाल परत मोजावी.

आवरणाच्या आत मात्र आपण जाऊ नये. बेअरिंग बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते ओझे केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली पेलणे जिवावर बेतू शकते. ते काम गॅरेजमध्येच व्हावे. तेथेही दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. बंद बेअरिंग रॉकेलने धुऊ नये, कारण त्यातील ग्रीस निघून जाते. क्लचची धूळ फुंकून उडवू नये. जुन्या प्लेटांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती ओल्या फडक्याने टिपावी.

आता आमच्या कार्यानुभवाच्या तासाला दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी विद्यार्थी पेडलची मोकळी चाल मोजून वहीत नोंदवतात. वहीच्या पहिल्या पानावर त्या चढावरील प्रसंग आम्ही स्वतः लिहून ठेवला आहे. नव्या तुकडीला पाना देण्यापूर्वी तो वाचून दाखवतो.