भोक बुजवण्यापूर्वी

दहावीच्या निकालानंतर मुलाला बरोबर घेऊन सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांपैकी अनेकांचा प्रश्न ठरलेला असतो : आयटीआयमधील यांत्रिक ड्राफ्ट्समनची दोन वर्षे किंवा तंत्रनिकेतनातील पदविकेची तीन वर्षे खर्ची घातल्यावर, आकृत्या काढण्याचे काम यंत्रेच करू लागली, तर मुलाने करायचे काय? ही काळजी अस्थानी नाही. परंतु तिचे उत्तर मी आकृती काढण्याच्या कामात शोधत नाही. दुसऱ्याने, अथवा यंत्राने, काढलेली आकृती कारखान्यात पाठविण्यास योग्य आहे किंवा नाही याचा निर्वाळा देण्याच्या कामात शोधतो.

त्रिमितीय छपाईसाठी सर्रास वापरली जाणारी एसटीएल फाइल उदाहरणादाखल घ्यावी. घन वस्तूचा पृष्ठभाग तिच्यात केवळ त्रिकोणांच्या यादीच्या रूपाने असतो. बायनरी स्वरूपात आरंभी 80 बाइटांचे शीर्षक, मग 4 बाइटांत त्रिकोणांची संख्या आणि पुढे प्रत्येक त्रिकोणास 50 बाइट, एवढाच तिचा संसार; म्हणजे 12 त्रिकोणांचा घन 684 बाइटांचा भरला पाहिजे, आणि कमी भरला तर फाइल वाटेत तुटली आहे हे ती न उघडताही कळते. कोणता त्रिकोण कोणाचा शेजारी, याची नोंद या दफ्तरात नाही. मोजमाप मिलिमीटरचे की इंचाचे, याचीही नाही, त्यामुळे इंचातील वस्तू 25.4 पट लहान होऊन यंत्रावर अवतरण्याचा प्रसंग येतो. निर्दोष घनाची कसोटी मात्र सोपी आहे : प्रत्येक कड बरोबर दोनच त्रिकोणांच्या वाट्याला आली पाहिजे.

ही कसोटी लावण्यासाठी विद्यार्थ्याने प्रथम परिचय करून घ्यावा तो ॲडमेश या प्रोग्रॅमचा. अँथनी मार्टिन यांनी 1990च्या दशकात लिहिलेला हा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. त्याला बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर त्याचे नाव, दोन आडव्या रेघा देऊन पर्याय आणि फाइलीचे नाव लिहावे, की हुकूम सुटला. ‘एक्झॅक्ट’ म्हटले तर तंतोतंत जुळणाऱ्या कडाच तो शेजारी मानतो. ‘निअरबाय’ म्हटले तर थोडक्यात हुकलेल्या कडाही सांधतो, आणि हे ‘थोडक्यात’ म्हणजे किती, हे ‘टॉलरन्स’ या पर्यायाने आकड्यात सांगता येते. ‘रिमूव्ह-अनकनेक्टेड’ कोणाशीच न जुळलेले त्रिकोण काढून टाकतो. ‘नॉर्मल-डिरेक्शन्स’ आत तोंड फिरवलेल्या त्रिकोणांना बाहेर वळवतो. आणि ‘फिल-होल्स’ उरलेल्या फटी नवे त्रिकोण घालून बुजवतो. एकही पर्याय न दिल्यास हे सारे इलाज तो आपण होऊन करतो, तथापि फाइल लिहून ठेवण्याचा स्वतंत्र हुकूम मिळेपर्यंत मूळ फाइलीला धक्का लावत नाही, आणि शेवटी मूळ व अंतिम अशा दोन रकान्यांचा तक्ता समोर ठेवतो. हा तक्ता वाचता येणे, हीच या हुन्नराची खरी सुरुवात होय.

कारण दुरुस्ती दिसते तितकी निरुपद्रवी नसते. 100 मिमी लांब, तितकीच रुंद आणि 10 मिमी जाड अशी एक पट्टी, आणि तिच्या मधोमध बोल्टसाठी 20 मिमी व्यासाचे आरपार भोक, अशी कल्पना करावी. फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना त्या भोकाच्या आतील दंडगोलाकार भिंतीचे त्रिकोण गळाले, तर वर एक व खाली एक अशी दोन उघडी वर्तुळे उरतात. ही वर्तुळे म्हणजे हरवलेल्या भिंतीची खूण आहे, हे प्रोग्रॅमला कळण्याचा काही मार्ग नाही. ‘फिल-होल्स’ म्हणताच तो दोहोंवर झाकण घालतो आणि न जुळलेल्या कडा शून्य असल्याचे प्रामाणिकपणे कळवतो. फाइल निर्दोष झाली, बोल्टची जागा नाहीशी झाली. ज्याने तक्त्यातील घनफळाकडे पाहिले असेल त्यालाच हे उमगेल, कारण तेथे सुमारे 96,858 घन मिमी हवे असता पूर्ण 1,00,000 दिसतील. दुसरी खूण त्याहून सुंदर आहे. ऑयलर यांनी 1750 साली गोल्डबाख यांना पत्राने कळविलेल्या सूत्राप्रमाणे शिरोबिंदूंतून कडा वजा करून पृष्ठे मिळवली, तर साध्या घनाला 8, 12 व 6 यांवरून 2 हे उत्तर येते. त्रिकोणांनी मढवलेल्या वस्तूत आरपार एक भोक असेल, तर उत्तर शून्य आले पाहिजे. बुजवलेल्या पट्टीचे उत्तर 2 येईल. अशा वेळी योग्य इलाज एकच : फाइल दुरुस्त न करता, दोषाचा तपशील लिहून, ती रचनाकाराकडे परत पाठवणे.

हे सारे बटणांच्या सॉफ्टवेअरमध्येही होते, मग हुकूम टंकण्याची तसदी कशासाठी, असे पालक विचारतात. पुरवठादारांकडून आलेल्या शेकडो फायली एकाच हुकूमनाम्याने रात्रीतून तपासता येतात, हे एक कारण. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते दुसरे : सहा महिन्यांनी साचा बिघडल्यावर कोणता टॉलरन्स लावला होता याची विचारणा झाली, तर लिहिलेला हुकूम अक्षरशः पुढे ठेवता येतो, दाबलेल्या बटणाचा पुरावा सहसा मागे राहत नाही. हीच दृष्टी पुढे अन्यत्र उपयोगी पडते. त्रिमितीय रचनांच्या स्टेप फायलींसाठी ओपन कॅस्केड या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेकशेप’ आणि ‘फिक्सशेप’ या आज्ञा वेगळ्या ठेवल्या आहेत, ऑटोकॅडमध्ये ‘ऑडिट’ आणि ‘रिकव्हर’ आहेत.

या कामाच्या नावाची जाहिरात क्वचितच निघते, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे. ते रचना-कार्यालयाच्या, टूलरूमच्या, त्रिमितीय छपाईच्या दुकानाच्या कामात मिसळलेले असते, आणि ज्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांत ग्राहकाची फाइल एका सॉफ्टवेअरची व यंत्राची दुसऱ्याच सॉफ्टवेअरची असते, तेथे त्याची गरज रोज पडते. महागडा संगणक लागत नाही. इंग्रजीचे भय धरणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांना मी आग्रहाने सांगतो की हे पर्याय मोजून वीस-पंचवीस शब्दांचे आहेत. हुकूम टंकण्याची सवय व्हावी म्हणून मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतही ऐकायला मिळतात. भूमितीची आवड मात्र हवी, आणि उतावीळ स्वभावाच्या मुलाला येथे त्रास होईल.

सुट्टीत फ्रीकॅड या विनामूल्य रचना-सॉफ्टवेअरमध्ये तीच पट्टी काढावी, त्रिकोणांच्या जाळीतील भोकाची भिंत मुद्दाम पुसावी, फाइल ॲडमेशला द्यावी आणि दोन्ही रकाने वहीत उतरवावेत. टॉलरन्स बदलून पुन्हा पाहावे. मुलाखतीला जाताना ती वही बरोबर न्यावी. तिच्यात दोष, पर्याय आणि घनफळ यांच्या रकान्यांशेजारी ‘कोणाला विचारले’ असा आणखी एक रकाना आखलेला असावा.