वीणा खाली ठेवायची नाही

आषाढीची वाटचाल म्हणजे ऊन, पाऊस आणि लाखोंचा समुदाय. दिवे घाटाचा चढ तरुणांचीही दमछाक करतो. मग साठी-सत्तरीच्या वारकऱ्यांचे काय सांगावे? अशा वाटेवर चालता चालता एखादी माऊली एकाएकी कोसळते. भोवती गर्दी होते. कोणी तोंडात पाणी घालतो, कोणी चप्पल हुंगवतो, बाकीचे हात जोडून उभे राहतात. हात जोडणे चांगलेच. पण त्या घटकेला हात कामाला लावावे लागतात, हेच आज आम्हांला सांगायचे आहे.

हृदय बंद पडले की मेंदूला रक्त पोचत नाही, आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. फुकट गेलेल्या दर मिनिटागणिक वाचण्याची आशा शेकडा ७ ते १० नी घटते. १०८ क्रमांकाची गाडी कितीही तत्पर असो, दिंड्यांच्या दाटीतून वाट काढायला तिला वेळ लागणारच. तोवर त्या हृदयाचे काम जवळच्या माणसाने करायचे. १९६० साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी दाखवून दिले, की छाती न उघडता, बाहेरून नुसत्या हातांनी दाबूनही रक्त फिरते ठेवता येते. यालाच आज सीपीआर म्हणतात.

कृती अशी. पडलेल्याचे खांदे हलवून मोठ्याने हाक मारावी. तो ओ देत नसेल आणि श्वास चालत नसेल, किंवा नुसते आचके येत असतील, तर एकाने लगेच १०८ लावावा. दुसऱ्याने त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवावे. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून तीवर दुसरा हात ठेवावा. कोपरे ताठ ठेवून छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली जाईल असे दाबावे आणि दर वेळी ती पुरती वर येऊ द्यावी. मिनिटाला १०० ते १२० दाब पडले पाहिजेत. लय कशी धरावी, हे टाळकऱ्याला का सांगायला हवे? लहान मुलाला आणि बुडालेल्याला तोंडाने श्वासही द्यावा लागतो. ते जाणत्याकडून शिकून घ्यावे. श्वास नीट चालू असेल, तर मात्र छाती दाबू नये, कुशीवर वळवावे. बेशुद्धाच्या तोंडात पाणी कधीच घालू नये.

दोन मिनिटांत दाबणारा थकतो. मग दुसऱ्याने पुढे व्हावे. सप्ताहात पहारा बदलतो, पण वीणा खाली ठेवत नाहीत. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. हाही तसाच पहारा आहे. गाडी येईपर्यंत किंवा माणूस हालचाल करीपर्यंत तो मोडू नये.

कोणी म्हणेल, आयुष्याची दोरी देवाच्या हाती. खरेच आहे. प्रत्येक जण वाचेल असे नाही, आणि न वाचला तर दाबणाऱ्याने स्वतःला दोष लावून घेऊ नये. पण दोरी देवाच्या हाती आहे म्हणून शेतकरी पेरणी सोडतो काय? फासळी मोडेल ही भीती असते. फासळी सांधते, गेलेला जीव परत येत नाही. परक्याला, त्यातून बाईमाणसाला, हात कसा लावावा, असाही संकोच होतो. अहो, आपण वारकरी जात, वय, मान न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. ज्याच्या पायांत आपण विठ्ठल पाहिला, त्याच्या छातीवर हात ठेवायला कचरायचे कशाला?

तेव्हा आमची दिंडीचालकांना विनंती आहे, की प्रस्थानापूर्वी आपल्या दिंडीतल्या चारपाच जणांना, त्यांत बायाही असाव्यात, ही विद्या शिकवून आणावी. सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांना किंवा रेड क्रॉसच्या मंडळींना विचारावे; सरावाच्या पुतळ्यावर हात बसतो. पडशीत टाळ घेतो, तशी ही विद्याही हातात घेऊनच आळंदी सोडावी.

रामकृष्णहरि!