दिल्लीची दौड आणि परतीची वाट

मध्य रेल्वेच्या मार्गावर दिवा आणि डोंबिवली यांच्या मध्ये कोपर नावाचे एक स्थानक आहे. तेथे एकावर एक असे दोन लोहमार्ग आहेत. खालचा मार्ग मुंबईहून कल्याणकडे जातो आणि वरचा मार्ग उल्हास नदी ओलांडून भिवंडीवरून वसईकडे जातो. जिना चढून वर जाणारे लोक 'वरच्या मजल्यावरची गाडी' असे सहज बोलून जातात. हा 'मजला' आणि जुन्या मराठीतील 'मजल' हे दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दापासून आलेले आहेत. मजल म्हणजे एका दिवसात चालून जाण्याची वाट. या पाठात अशाच दोन मजलांची हकिकत आहे. त्या वीस वीस कोसांच्या होत्या आणि त्यांच्या शेवटी दिल्ली होती.

वीस कोस म्हणजे किती, हे प्रथम नीट ध्यानात घेतले पाहिजे. कोसाचे माप निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळे होते. दोन मैलांचा कोस धरला तर वीस कोसांचे चाळीस मैल, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर होतात. पहाटे कोपरहून निघालेल्या स्वाराने संध्याकाळी खर्डीचे स्थानक मागे टाकावे, रात्री चार घटका पाठ टेकावी, आणि दुसऱ्या दिवशी कसाऱ्याचा घाट चढून दिवस मावळता नाशिकच्या आसपास पोहोचावे, एवढे ते अंतर झाले. आगगाडीत खिडकीशी बसून गेले तर ते काही तासांत सरते. त्या काळी तोफा, तंबू, बैल आणि बाजारबुणगे बरोबर घेऊन चालणारी फौज मात्र दिवसाला पाच-सात कोस चालली तरी पुष्कळ झाले असे मानीत.

सन १७३७ च्या मार्च महिन्यातील ही गोष्ट आहे. पेशवा पहिला बाजीराव त्या वेळी उत्तर हिंदुस्थानात, चंबळ नदीच्या परिसरात होता. त्याचा सरदार मल्हारराव होळकर यमुना ओलांडून अंतर्वेदीत शिरला होता. तेथे जलेसर गावापाशी अयोध्येचा सुभेदार सादतखान याने होळकरांच्या तुकडीचा पराभव केला. ही चकमक केवळ एका तुकडीशी झाली होती. परंतु सादतखानाने दिल्लीच्या बादशहाला, महंमदशहाला, मोठ्या फुशारकीने कळविले की, आपण मराठ्यांचा पुरता मोड केला असून त्यांना चंबळेपलीकडे हाकलून दिले आहे. दरबारात आनंदीआनंद झाला. सादतखानाला मानाची वस्त्रे मिळाली, आणि मराठ्यांच्या वकिलाला दिल्लीतून निरोप देण्यात आला.

ही बातमी बाजीरावाला कळली तेव्हा तो काय करू शकत होता? सादतखान, खानडौरान आणि महंमदखान बंगश यांच्या फौजा आग्रा-मथुरेच्या बाजूला एकत्र होत होत्या. वजीर कमरुद्दीनखान दुसरी फौज घेऊन पश्चिमेच्या अंगाला होता. त्यांच्याशी समोरासमोर लढावे, तर त्यांच्याजवळ मोठ्या तोफा होत्या. मागे फिरावे, तर सादतखानाची बढाई खरी ठरत होती. बाजीरावाने तिसराच मार्ग काढला. सर्व जड सामान आणि बुणगे त्याने बुंदेलखंडाकडे रवाना केले. मग निवडक घोडदळ घेऊन, मोठा रस्ता सोडून, दोन्ही बादशाही फौजांच्या मधून मेवाताच्या डोंगराळ मुलखातून तो वर निघाला. अखेरच्या दोन मजला त्याने वीस वीस कोसांच्या केल्या. २८ मार्चच्या सुमारास मराठ्यांचे घोडे दिल्लीच्या वेशीपाशी, कालिकादेवीच्या देवळाजवळ उभे होते. ज्यांना चंबळेपार हाकलले म्हणून दिल्लीत सांगितले जात होते, ते हे असे दाराशी आले!

ही दौड कोणाच्या बळावर झाली? आपण सेनापतीचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. पण ६४ किलोमीटर धावला तो घोडा. मराठ्यांच्या फौजेतील पुष्कळ घोडे भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टांच्या जातीचे होते. हे जनावर दिसायला काही फार देखणे नसते. उंची बेताची, छाती रुंद, पाय आखूड पण घट्ट, आणि खुर दगडासारखे टणक. अरबी घोड्याशेजारी ते उभे केले तर कोणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहणार नाही. परंतु अरबी घोडा ज्या चाऱ्याकडे तोंड फिरवील त्या चाऱ्यावर भीमथडी राहत असे, आणि खडकाळ घाटाची वाट त्याला अंगणासारखी वाटे. स्वारही तसेच होते. निजामाने एकदा आपल्या चित्रकाराला बाजीरावाचे चित्र काढण्यास धाडले, अशी एक आख्यायिका आहे. चित्रकाराने जे पाहिले तेच काढून आणले: खांद्यावर भाला, लगाम घोड्याच्या मानेवर सैल सोडलेला, आणि पेशवा घोड्यावर बसल्याबसल्या तळहातांवर जोंधळ्याची कणसे चोळून दाणे खात आहे. ही आख्यायिका खरी असो वा नसो, स्वयंपाकासाठी न थांबणारी फौज दूर जाते, ही गोष्ट खरी आहे.

तरीही घोडा म्हणजे यंत्र नव्हे. स्वस्थ उभा असलेल्या घोड्याचे हृदय मिनिटाला तीस ते चाळीस वेळा पडते; चौखूर धावताना तेच दोनशेच्या वर जाते. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, केवळ नाकाने घेतो, आणि चौखूर धावताना त्याच्या प्रत्येक उडीबरोबर एक श्वास होतो. उन्हात धावताना त्याच्या अंगातून तासाला दहा लिटरांहूनही अधिक घाम जाऊ शकतो, आणि त्या घामाबरोबर मीठही जाते. पाणी मिळाले नाही तर त्याचे रक्त दाट होते, आतडी मंदावतात, स्नायू आखडतात. अशा वेळी जो स्वार टाच मारून त्याला पुढे रेटतो, तो पुढच्या कोसावर पायी चालू लागतो. म्हणून दूरची मजल चौखूर धावून होत नाही. ती बहुतेक सारी दुडक्या चालीने, मधून मधून साध्या पावलाने आणि पाणवठे हेरून होते. गोष्टीतल्या चित्रांत घोडे सदैव हवेत उडालेले दाखवितात. त्या चित्रकारांना एक दिवस घोड्यावर बसविले पाहिजे.

मराठी फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदाराचा घोडा मात्र त्याचा स्वतःचा असे. तो घोडा मेला तर शिलेदाराचे एक जनावर गेले असे नव्हे. त्याची रोजी गेली, आणि शत्रूच्या मुलखात असला तर बहुधा त्याचा जीवही गेला. अशा माणसाला घोड्याची काळजी घे म्हणून सांगावे लागत नसे.

आज जगात दूरच्या घोडदौडीच्या शर्यती होतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतून शंभर मैलांची एक शर्यत १९५५ साली सुरू झाली. तेथे चोवीस तासांच्या आत वाट संपवावी लागते. या शर्यतींत वाटेवर ठिकठिकाणी पशुवैद्य बसलेले असतात. ते घोड्याची नाडी मोजतात. बहुतेक शर्यतींत ठरलेल्या मिनिटांत ती चौसष्टापर्यंत उतरली नाही तर घोड्याला पुढे सोडीत नाहीत. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली असता ती लगेच सपाट होते की उभी राहते, यावरून अंगातले पाणी किती गेले हे ताडतात. पोटाला नळी लावून आतड्यांचा आवाज ऐकतात. घोड्याला थोडे दुडकवून तो लंगडतो की काय हे पाहतात. शेवटची रेघ सर्वांच्या आधी ओलांडलेला घोडासुद्धा या तपासणीत नापास झाला तर त्याची दौड रद्द ठरते. अजून पुढे जाण्याजोगा असेल तोच घोडा तेथे पोहोचला असे धरतात.

तुम्हांला ही नाडी पाहावयाची असेल तर फार दूर जाण्याचे कारण नाही. कोपरहून कर्जतच्या बाजूला नेरळ लागते, आणि नेरळच्या डोक्यावर माथेरान आहे. तेथे मोटारींना बंदी असल्यामुळे घोडे पुष्कळ आहेत. घोडेवाल्याची परवानगी घेऊन घोड्याच्या जबड्याच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने बोटे ठेवा. दोरीसारखी एक शीर लागेल. चढ चढून आलेल्या घोड्याची नाडी मोजा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. किती उतरली ते तुमचे तुम्हांलाच कळेल.

आता पुन्हा दिल्लीकडे वळू. कालिकादेवीची त्या दिवशी जत्रा होती. जत्रेला आलेल्या लोकांना मराठ्यांनी लुटले; ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शहर जाळावे असेही प्रथम बाजीरावाच्या मनात होते. परंतु दिल्ली हे थोर स्थळ आहे, ते जाळल्याने राजकारणाचा धागा तुटेल, असा विचार करून त्याने तो बेत सोडला आणि बादशहाकडे सामोपचाराचे पत्र धाडले. तो शहरापासून दूर सरू लागला, तेव्हा मीर हसनखान कोका याच्याबरोबर बादशाही सैन्य त्याच्यावर चालून आले. राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर यांनी त्याचा पराभव केला. जलेसरचा डाग होळकरांनी बादशहाच्या दारातच धुऊन काढला. मात्र त्याच संध्याकाळी वजीर कमरुद्दीनखानाची फौज येऊन भिडली, आणि पाठोपाठ खानडौरान व सादतखानही मथुरेकडून येत असल्याचे कळले.

खरी कसोटी येथे होती. पुढे शहर, दोन बाजूंना शत्रू, आणि खाली दोन लांब मजला मारून वर लढाईही खेळलेले घोडे. ते जर दिल्लीला पोहोचता पोहोचताच संपले असते, तर या दौडीचे वर्णन पराभवाच्या प्रकरणात वाचावे लागले असते. बाजीरावाने सर्व फौजा एकत्र होण्याची वाट पाहिली नाही. सकाळी त्याने तळ हलविला आणि आलेल्या वाटेने न जाता पश्चिमेस रेवाडी, कोटपुतळी अशी वाट धरली. शत्रूला त्याला गाठता आले नाही. घोडे चालू शकत होते, म्हणून माणसे वाचली.

एप्रिलच्या आरंभी, जयपूरच्या बाजूला पोहोचल्यावर, बाजीरावाने ही सारी हकिकत आपल्या धाकट्या भावाला, चिमाजीआप्पाला, पत्राने कळविली. चिमाजीआप्पा तेव्हा पोर्तुगीजांशी झुंजत होता. योगायोग असा की, ज्या आठवड्यात मराठी घोडे दिल्लीच्या वेशीवर उभे होते, त्याच सुमारास इकडे मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. वसई घेण्यास मात्र १७३९ चा मे महिना उजाडावा लागला. दिल्लीच्या मोहिमेतून परतणाऱ्या स्वारांची घरे भीमा-नीरेच्या काठी, माणदेशात, खानदेशात होती. दिल्लीहून तेथवर शेकडो कोसांची वाट होती. ती त्यांनी सावकाश, लहान लहान मजलांनी, त्याच घोड्यांवरून तोडली.