दोन झाडे, एक झोळी आणि दोन दिवसांची पायपीट



शाळेच्या मुलांनी पाठीवर सामान घेऊन दोन दिवस डोंगरात चालायचे आणि रात्र झाडांना बांधलेल्या झोळीत काढायची, हे ऐकल्यावर घरातील मोठ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मुले पडणार तर नाहीत ना?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नुसत्या 'काळजी करू नका' या शब्दांनी देऊ नये, गणिताने आणि नियोजनाने द्यावे, असे आम्हा शिक्षकांना वाटते. म्हणून दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारच्या पदभ्रमणाचा विचार या पाठात पायरीपायरीने मांडत आहोत. पालकांनी व विश्वस्तांनीही तो वाचावा, ही विनंती.

झोळी आपल्याला नवी नाही

शेतात कामाला गेलेली आई झाडाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून तान्ह्या बाळाला निजवते, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मोठ्या माणसाने निजायची अशीच झोळी, म्हणजे हॅमॉक, अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील मूळ रहिवाशांची. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तेथील लोक सुताच्या जाळीत झोपतात, हे त्याच्या पाहण्यात आले. पुढे युरोपीय जहाजांवरील खलाशांनी ती उचलली, कारण जहाज हेलकावले तरी झोळीतला माणूस खाली घरंगळत नाही. जमिनीवर ओल, मुंग्या, विंचू आणि दगडगोटे असतात. सह्याद्रीच्या उतारावर तंबूपुरती सपाट जागा मिळणेही कठीण. तेथे दोन चांगली झाडे मिळाली की झोळीचे काम भागते.

प्रथम गणित : दोरीवर ताण किती?

झोळी जितकी ताणून बांधावी तितकी ती सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. झोळीतील माणसाचे वजन दोन्ही बाजूंच्या दोऱ्या मिळून पेलतात. दोरी आडव्या रेषेशी जो कोन करते त्याला θ म्हणू. प्रत्येक दोरीतील ताण T असेल, तर त्याचा वर खेचणारा भाग T × साइन θ एवढाच असतो. म्हणून

२ × T × साइन θ = वजन.

आता ५० किलो वजनाचा विद्यार्थी धरा. प्रत्येक दोरीवरचा ताण असा येतो :

कोन ४५° : सुमारे ३५ किलो
कोन ३०° : ५० किलो
कोन १५° : सुमारे ९७ किलो
कोन १०° : सुमारे १४४ किलो
कोन ५° : सुमारे २८७ किलो

मुलगा तोच, झोळीही तीच. पण दोरी जवळजवळ सरळ ताणली की ताण सहापट होतो आणि दोरी, शिवण किंवा झाड यांपैकी जे कच्चे असेल ते तुटते. ३०° कोनात मात्र प्रत्येक दोरीवर बरोबर आपल्या वजनाइतकाच ताण येतो. लक्षात ठेवायला सोपा असा हा कोन. तो मोजायला तुमच्या कंपासपेटीतील ३०-६०चा गुण्या पुरतो. झोळीत एकाने बसावे आणि दुसऱ्याने दोरीशी गुण्या धरून पाहावे.

दोन झाडांमध्ये साधारण ४ ते ४.५ मीटर अंतर असावे. पट्टा जमिनीपासून सुमारे १.६ ते १.७ मीटर उंचीवर बांधला, तर ३ मीटर लांबीच्या झोळीत बसल्यावर बैठक गुडघ्याच्या आसपास, म्हणजे ४५ सेंटीमीटरवर येते. याहून उंच झोळी कोणीही बांधायची नाही. खाली दगड, खुंट किंवा उतार नको. झोळीत सरळ रेषेत न झोपता थोडे तिरपे झोपावे. पाठ वाकत नाही आणि कापड सपाट राहते.

झाडाची परीक्षा

बुंधा जिवंत, निरोगी आणि मांडीहून जाड असावा. वर वाळकी फांदी लोंबत आहे का, हे मान वर करून पाहावेच. माडाखाली झोळी नको, नारळ पडतात. सुपारीचा बुंधा बारीक असतो, तोही नको. काजूच्या फांद्या ठिसूळ असतात, फांदीला पट्टा बांधू नये. बिब्ब्याच्या झाडाचा चीक अंगाला लागला तर कातडी भाजते. हुमल्यांची पानांची घरटी असलेल्या झाडाजवळ तर जाऊच नये. आंब्याच्या जुन्या बागांत दोन झाडांत १० मीटरपर्यंत अंतर सोडलेले असते, तेथे झोळी पोहोचत नाही. त्यापेक्षा बांधावरची झाडे सोयीची पडतात.

देवराईतील झाडांना काहीही बांधायचे नाही. ती गावाची श्रद्धा आहे आणि पाण्याचा साठाही.

झाडालाही इजा होऊ नये. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतील रसवाहिन्यांतून खाली जाते. बारीक सुतळी वजनाने सालीत रुतली तर त्याच चेंगरतात. म्हणून किमान अडीच सेंटीमीटर रुंद पट्टा वापरावा. पट्टा पॉलिएस्टरचा असावा. नायलॉन, विशेषतः भिजल्यावर, ताणला जातो आणि पहाटेपर्यंत झोळी जमिनीला टेकते. गाठीसाठी स्काउट-गाइड पथकात शिकवली जाणारी बोलाइन गाठ शिकून घ्यावी. सुरगाठ ओढताच सुटते, निरगाठ वजनाने घट्ट बसून सकाळी सुटत नाही. बोलाइन रात्रभर सरकत नाही आणि सकाळी सहज मोकळी होते.

बारा जणांना चोवीस झाडे लागतील का? लागणार नाहीत. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन भक्कम झाडे असली तर तीन बाजूंना तीन झोळ्या बसतात. पण एकाखाली एक अशा दोन झोळ्या मुळीच बांधू नयेत.

कधी आणि कुठे

बेळगावहून जांबोटी-कणकुंबीकडे निघाले की मलप्रभेच्या उगमाचा मुलूख लागतो. तो पाहण्यासारखा आहे, पण तेथील बरेचसे जंगल राखीव आहे आणि भीमगड अभयारण्यही याच खानापूर तालुक्यात आहे. अस्वले, गवे आणि बिबट्या यांचे ते घर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हा आहे. म्हणून आमचा प्रस्ताव असा की, मुक्काम जंगलात न करता गावालगतच्या खासगी बागेत, मालकाच्या लेखी संमतीने करावा. वाट वनखात्याच्या हद्दीतून जात असेल तर आधी अर्ज करावा. अर्ज कन्नडमध्ये लिहिलेला असला तर कचेरीत काम लवकर होते. तो लिहिण्याचे काम कन्नड चांगले येणाऱ्या मुलांना द्यावे.

पावसाळ्यात जळवा आणि निसरड. ऑक्टोबरात परतीचा पाऊस विजा घेऊन येतो आणि विजा कडाडताना झाडाला बांधलेली झोळी ही सर्वांत वाईट जागा. उन्हाळी महिन्यांत आणखी एक धोका असतो, तो माकडतापाचा. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात हा रोग प्रथम ओळखला गेला. गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो आणि साधारणपणे डिसेंबर ते मे या काळात फैलावतो. आपल्या शेजारच्या सत्तरीत २०१५ साली आणि दोडामार्गात २०१६ साली त्याचे रुग्ण सापडले. म्हणून नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा आम्हाला योग्य वाटतो. तरीही पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजार मोज्यांत खोचावी, पाचोळ्यावर बसू नये आणि संध्याकाळी अंग तपासावे. त्या भागात माकडे मरून पडल्याची बातमी असेल तर सहल रद्द. घरी आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगावे.

वेळेचे गणित

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा नियम सांगितला : दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा, आपली वाट ८ किलोमीटर आणि चढ ३०० मीटर आहे. चालण्याचे १ तास ३६ मिनिटे, चढाची ३० मिनिटे, एकूण २ तास ६ मिनिटे. हा नियम सराईत माणसाचा. पाठीवर ओझे घेतलेल्या मुलांसाठी दीडपट धरू, म्हणजे सुमारे ३ तास १० मिनिटे. विसाव्याची २० मिनिटे मिळवली की साडेतीन तास झाले.

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर बसने जाऊन दीड वाजता चालायला लागलो, तर पाचला पोहोचू. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. झोळ्या बांधायला उजेडाचा एकच तास उरतो. बस तासभर उशिरा पोहोचली तर? तर वाट अर्धी करायची किंवा परत फिरायचे. हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे. पाय दुखत असताना आणि अंधार पडत असताना घेतलेले निर्णय सहसा चुकतात.

ओझ्याचे गणित

पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या सहाव्या भागापेक्षा जास्त नसावे. ५० किलोच्या विद्यार्थ्याला सुमारे ८.३ किलो, ४२ किलोच्या विद्यार्थिनीला ७ किलो. आता यादी करू : झोळी व पट्टे १ किलो, वर बांधायची हलकी ताडपत्री ७०० ग्रॅम, पांघरूण दीड किलो, फोमची चटई ४०० ग्रॅम, ३ लिटर पाणी ३ किलो, खाणे १ किलो, कपडे, विजेरी वगैरे ७०० ग्रॅम. एकूण ८.३ किलो. पहिल्याला हे जेमतेम झेपते, दुसरीला झेपत नाही. वाटेत पाणी भरता येत असेल तर २ लिटरच घेऊन निघावे. तिचे ओझे ७.३ किलोवर येईल. उरलेले ३०० ग्रॅम कोणीतरी आपल्या पिशवीत घ्यायचे. सोबतीने जाणे म्हणतात ते हेच. वाटेत भरलेले पाणी उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकूनच प्यावे.

फोमची चटई कशाला, असे विचाराल. वाकळ ऊब देते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे. झोळीत आपल्या पाठीखाली ती दबते, हवा निघून जाते आणि खालून वाहणारा वारा थेट पाठीला लागतो. फोममधील हवा दबत नाही. झोळीत थंडी वरून कमी आणि खालून जास्त वाजते, हे विसरू नये. पट्ट्यावरून ओघळणारे पावसाचे पाणी झोळीत येऊ नये म्हणून पट्ट्याला एक छोटी दोरी खाली लोंबती बांधावी. पाणी तिच्यावरून जमिनीवर ठिबकते.

जेवणात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, थालीपीठ आणि गूळ-शेंगदाणे. आपले मांडे तर हलके आणि टिकाऊ. वाळक्या पाचोळ्याच्या दिवसांत बागेत चूल पेटवायची नाही. शौचासाठी पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, वीतभर खोल खड्डा करून बुजवावा. कचरा सगळा परत आणावा.

पालक आणि विश्वस्तांसाठी

आम्ही पुढील गोष्टी सुचवीत आहोत.

१. झोळ्या शाळेतच शिवणाच्या तासाला शिवाव्यात. प्रत्येक झोळी जमिनीलगत टांगून तिच्यात ५० किलोची दोन पोती रात्रभर ठेवावीत. जी टिकेल तीच न्यावी.

२. निघण्यापूर्वी दोन शनिवार शाळेच्या आवारात बांधण्याचा सराव व्हावा. ज्याला स्वतःची झोळी बांधता व सोडता येत नाही, त्याने पुढच्या वर्षी यावे.

३. बारा मुलांमागे तीन मोठी माणसे असावीत, त्यांत किमान एक शिक्षिका किंवा आई. मुलींना वगळून सहल काढू नये.

४. वाटेचा नकाशा, मुक्कामाची जागा आणि परतण्याची वेळ शाळेत व एका पालकाकडे लिहून ठेवावी. डोंगरात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. मिळाली तर मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

५. सर्पदंश झाल्यास कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. अवयव न हलवता थेट रुग्णालय गाठावे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष आहे, याची चौकशी आधीच करावी.

एवढी तयारी दोन दिवसांसाठी जास्त वाटेल. पण मुलांना दमा, उंची आणि अंधार यांची भीती असते, आणि पालकांना मुलांची. दोन्ही भीतींवर उपाय एकच : आधी मोजावे, मग जावे. विश्वस्तांनी होकार देण्यापूर्वी सरावाच्या शनिवारी आवारात यावे, गुण्या लावून कोन पाहावा आणि इच्छा झाल्यास झोळीत बसूनही पाहावे.

स्वाध्याय

१. ४० किलो वजनाच्या मुलीची झोळी ३०° कोनात बांधली आहे. प्रत्येक दोरीवर ताण किती? कोन १०° केल्यास किती?

२. वाट १० किलोमीटर आणि चढ ४५० मीटर असेल, तर नेस्मिथच्या नियमाने किती वेळ लागेल? त्याची दीडपट करा. सहाला सूर्यास्त होणार असेल आणि तासभर उजेड हाताशी हवा असेल, तर किती वाजता निघावे?

३. आपले वजन करा, सहावा भाग काढा आणि आपल्या सामानाची यादी तेवढ्यात बसवा. काय गाळले आणि का, ते दोन ओळींत लिहा.

४. घराजवळची दोन झाडे निवडा. त्यांतील अंतर मोजा, वर पाहा आणि ती झोळीस योग्य आहेत की नाहीत, याची कारणे लिहा.