फुकट द्यायचं, पण काय? न्यूक्लियाच्या ‘बास रानी’चा धडा



प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न येतोच, “सर, सुरुवातीला माल फुकट वाटू का?” उत्तर देण्याआधी एका अल्बमची गोष्ट सांगतो.

न्यूक्लिया म्हणजे उद्यान सागर. १९९८ मध्ये अहमदाबादला मित्रांसोबत त्याने ‘बंदिश प्रोजेक्ट’ सुरू केला. पुढे तो एकटा काम करू लागला. इलेक्ट्रॉनिक बास, हिप हॉप आणि आपलं रस्त्यावरचं वाजप यांचं मिश्रण म्हणजे त्याचं संगीत. हे क्लबमधल्या मोजक्या लोकांचं संगीत मानलं जायचं. पण ढोलाच्या दणक्यावर नाचणारी गर्दी तर आपल्याकडे दरवर्षी रस्त्यावर असतेच. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको!

२०१५ मध्ये ‘बास रानी’ आला. त्यात ‘लौंग गवाचा’सारखं पंजाबी वळणाचं गाणं होतं आणि ‘जंगल राजा’मध्ये मुंबईचा रॅपर डिव्हाइन होता. लाँच कुठे झाला? गणपती विसर्जनाच्या गर्दीत, मुंबईच्या रस्त्यावर. वर अल्बम फुकट डाउनलोडला ठेवला. लोकांनी तो उचलून धरला आणि न्यूक्लियाचं नाव देशभर झालं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, ‘राजा बाजा’चा लाँच वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाला. आता लोक तिकीट काढून आले.

म्हणजे गाणी फुकट, कार्यक्रमाला पैसे. फुकट वस्तूच्या मागे विकायची वस्तू तयार होती.

आता नीट लक्ष द्या. गाण्याची एक कॉपी जास्त गेली तर खर्च जवळजवळ शून्य. तुमच्या मालाचं तसं नाही.

समजा, तुम्ही घरगुती चिवडा विकता. पाव किलोचं पाकीट पॅकिंगसकट ६० रुपयांना पडतं आणि ९० ला विकता. म्हणजे एका पाकिटामागे नफा ३० रुपये. २०० पाकिटं फुकट वाटली तर १२,००० रुपये गेले. ते भरून काढायला ४०० पाकिटं विकावी लागतील. त्याऐवजी ५० ग्रॅमची पुडी द्या. ती १५ रुपयांना पडते. २०० पुड्यांचे ३,००० रुपये, म्हणजे १०० पाकिटांत वसूल.

मी स्वतः ही चूक केलीये. दुकानाच्या उद्घाटनाला भेटवस्तू वाटल्या, रांग लागली, मी खूश! दुसऱ्या दिवशी दुकानात शुकशुकाट. परत यायचं कारणच मी कुणाला दिलं नव्हतं. कुणाचा मोबाइल नंबरही घेतला नव्हता. भांडवल कमी असताना अशी चूक फार महागात पडते.

म्हणून फुकट वाटण्याआधी वहीत चार उत्तरं लिहा:

१. एका नगाचा मला खरा खर्च किती?
२. यानंतर गिऱ्हाईक पैसे देऊन काय घेणार?
३. ते पुन्हा माझ्याकडे कसं येणार?
४. माझं गिऱ्हाईक आधीच कुठे जमतं?

चौथा प्रश्न विसरू नका. न्यूक्लियाने गर्दी बोलावली नाही, गर्दी होती तिथे तो गेला. तुमची गर्दी कदाचित सोसायटीच्या हळदीकुंकवात असेल, नाहीतर कॉलेजच्या गेटवर.

आणि एक गोष्ट. १९९८ ते २०१५, सतरा वर्षं झाली. लोकांना दिसली ती शेवटची मिरवणूक. तेव्हा पहिल्या महिन्यात रांग लागली नाही म्हणून शटर ओढू नका.

तुमची चार उत्तरं व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा. हिशोब चुकत असेल तर मी सांगेन. भेटू पुढच्या भागात!